वीजप्रश्न: दुपारी ट्रिप होणारा सोलर, फुगणारे कपॅसिटर आणि बॅटरीचं गणित

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं छतावरचा सोलर, लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर-ड्राइव्हसारखी इलेक्ट्रॉनिक्स जुन्या वितरण-जाळ्याला जोडल्यावर येणाऱ्या अडचणींची आहेत. आपलं जाळं उभं राहिलं तेव्हा वीज उपकेंद्राकडून घराकडे, एकाच दिशेने जाणार हे गृहीत होतं. आता ती उलटीही वाहते आणि लोडही साध्या मोटरसारखं वागत नाही. उत्तरांत दिलेली मोजमापं चालू वीजपुरवठ्यावर करायची आहेत, म्हणून ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे ५ किलोवॅटचा सिंगल फेज सोलर आहे. सकाळी छान चालतो, पण अकरा ते तीनच्या दरम्यान ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून वारंवार बंद पडतो. इन्व्हर्टर बदलून झाला, तरी तेच. बसवणारे म्हणतात बॅटरी लावा. लावावी का? (वाचक, नाशिक)

उत्तर: बॅटरीचा विचार नंतर. आधी तारा तपासा.

इन्व्हर्टर बिघडलेला नाही, तो नियम पाळतो आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या नियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २३० व्होल्टच्या हिशेबाने २५३ व्होल्टच्या वर गेलं, की छोट्या सोलर इन्व्हर्टरला दोन सेकंदांच्या आत जाळ्यापासून तुटावं लागतं. आता डीपीवरची, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरची, पाटी वाचा. त्यावर बहुधा ११०००/४३३ व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ४३३ला १.७३२ने भागलं की २५० येतात. म्हणजे लोड नसलेल्या डीपीवर फेज आणि न्यूट्रलमध्ये मुळातच २५० व्होल्ट असतात. संध्याकाळी लोड आल्यावर व्होल्टेज पडणार, म्हणून हे आकडे मुद्दाम वर ठेवलेले आहेत. दुपारी लोड कमी असतं आणि गल्लीतले सगळे सोलर वीज बाहेर ढकलत असतात. अशा वेळी २५० ते २५३ एवढीच जागा उरते.

ही जागा कुठे संपते ते मोजून कळतं. स्वच्छ उन्हात, बाराच्या सुमारास, एकाच वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा: इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर आणि मीटरपाशी. मग सोलरचा एसी स्विच बंद करून पुन्हा दोन्हीकडे मोजा. चारही आकडे लिहून ठेवा.

समजा, सोलर बंद असताना दोन्हीकडे २४७ आहेत आणि चालू केल्यावर मीटरपाशी २४९, इन्व्हर्टरपाशी २५६. मग वाढलेल्या ९ व्होल्टपैकी ७ तुमच्याच केबलमध्ये आहेत. ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. ५ किलोवॅटला साधारण २१ अँपिअर करंट जातो. गच्चीपासून मीटरपर्यंत ३५ मीटर अंतर असेल आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल, तर जाऊन-येऊन ७० मीटरचा रोध ०.३२ ओहम होतो. २१ गुणिले ०.३२ म्हणजे जवळजवळ ७ व्होल्ट. तिथे १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर हीच वाढ पावणेतीन व्होल्टवर येते. करंट वाहून नेण्याच्या दृष्टीने ४ चौरस मिलिमीटर पुरेशी असते, म्हणून बसवणारा तीच टाकतो. व्होल्टेज-वाढीचा हिशेब मात्र तो करत नाही.

मीटरपाशीच व्होल्टेज २४७वरून २५४वर उडी मारत असेल, तर दोष सर्व्हिस वायर किंवा लघुदाब लाइनमध्ये आहे. खांबावरचा जोड सैल किंवा गंजलेला असतो, नाहीतर एकाच फेजवर गल्लीतल्या सगळ्या सोलरची गर्दी झालेली असते. अशी गर्दी असेल तर काही जोडण्या दुसऱ्या फेजवर नेल्या की फरक दिसतो. थ्री फेज जोडणी असेल तर पुढच्या वेळी थ्री फेज इन्व्हर्टरच घ्या. तिन्ही फेजमध्ये सारखी वाटलेली वीज न्यूट्रलमधून परत येत नाही आणि त्याच तारांवर वाढ सिंगल फेजच्या साधारण सहाव्या हिश्श्यावर येते.

सोलर बंद असतानाच २५१-२५२ दिसत असतील, तर प्रश्न डीपीचा किंवा त्यामागच्या उच्चदाब लाइनचा आहे. शाखा कार्यालयाला लेखी तक्रार द्या आणि सोबत तारीख, वेळ, आकडे जोडा. डीपीला टॅप (व्होल्टेज पायरीपायरीने बदलायची सोय) असेल तर तो एक पायरी हलवून व्होल्टेज अडीच टक्के, म्हणजे सहा व्होल्ट खाली आणता येतं. पुष्कळ लहान डीपींना टॅपच नसतो, आणि असला तरी लाइनच्या शेवटच्या घराला संध्याकाळी काय मिळतं ते बघूनच अभियंते तो हलवतील. ते बरोबरच आहे.

एक गोष्ट तातडीची. तुमचं व्होल्टेज चढताना शेजाऱ्याच्या फेजचं उतरत असेल, तर हा सोलरचा प्रश्न नसून न्यूट्रल सैल झाला आहे. तो पूर्ण तुटला तर घरात ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. सोलर बंद ठेवा आणि त्याच दिवशी वायरमन बोलवा.

इन्व्हर्टरच्या मेन्यूत पासवर्ड टाकून वरची मर्यादा २६५ करून देणारे लोक आहेत. ते करू देऊ नका. ट्रिप थांबेल, पण ते २६० व्होल्ट तुमच्या आणि शेजारच्या फ्रिजला दिवसभर खावे लागतील. ‘व्होल्ट-व्हार’ नावाची सोय असेल तर ती चालू करायला हरकत नाही. त्यात इन्व्हर्टर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती ये-जा करणारी वीज) ओढून व्होल्टेज थोडं खाली खेचतो. मात्र लघुदाबाच्या बारीक तारांमध्ये रोध जास्त आणि रिअ‍ॅक्टन्स कमी असतो, त्यामुळे चमत्कार घडत नाही.

बॅटरी लावलीच, तर तिची वेळ सेट करा. नेहमीच्या सेटिंगवर ती सकाळी आठला चार्ज व्हायला लागते आणि अकराला भरून बसते, म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी तिचा उपयोग शून्य. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी अकरा ते तीन या वेळेत २५ अँपिअरने चार्ज केली, तर चार तास सुमारे १.३ किलोवॅट ती शोषून घेते आणि बाहेर जाणारा करंट पाव हिश्श्याने घटतो. पण तुमच्याकडे नेट मीटर असेल तर केवळ या दुखण्यासाठी बॅटरीवर पैसे घालू नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

प्रश्न: लाइट गेली की ऊन असूनही सोलर बंद पडतो. एवढा खर्च करून उपयोग काय? (वाचक, सोलापूर)

उत्तर: तुमच्याकडचा ऑनग्रिड इन्व्हर्टर जाळ्याचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहून त्यामागे चालतो, स्वतःहून ते तयार करत नाही. शिवाय लाइन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून त्याने थांबणं बंधनकारक आहे. लाइट गेल्यावरही सोलर चालवायचा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. त्यात एक आतला स्विच घराला जाळ्यापासून आधी तोडतो आणि मगच घर बॅटरीवर घेतो. सगळं घर त्यावर टाकू नका. दिवे, पंखे, फ्रिज, वाय-फाय यांचं वेगळं डीबी (वितरण पेटी) करून घ्या. ऑनग्रिड सोलर फसवायला त्याच्यापुढे जनरेटर चालवणं धोक्याचं आहे. घरातला वापर कमी झाला की सोलरची जादा वीज जनरेटरमध्ये उलटी घुसते.

प्रश्न: घरी १५०० व्हीएचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आहेत. बॅटऱ्या संपत आल्या. दुकानदार म्हणतो, त्याच इन्व्हर्टरला २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी लावा. १५०च्या जागी १०० कशी पुरेल? आणि जुना इन्व्हर्टर चालेल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: क्षमतेबद्दल दुकानदार बरोबर आहे. तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून कागदावर ३.६ युनिट होतात. पण ट्यूब्युलरचा १५०चा आकडा दहा किंवा वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळतो. दोन तासांत रिकामी केली तर त्यातला साधारण तिसरा हिस्सा हाती लागत नाही, आणि आयुष्य टिकवायचं तर निम्म्याच्या खाली उतरू नये. म्हणजे वापरायला मिळतात पावणेदोन-दोन युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी २.५६ युनिटची. तिचे ९० टक्के, म्हणजे २.३ युनिट, बिनधास्त वापरता येतात.

जुना इन्व्हर्टर चालेल का, हे त्याच्या चार्जिंग सेटिंगवर ठरतं. बॅटरीत आठ सेल एकापुढे एक असतात. प्रत्येक सेलची वरची हद्द ३.६५ व्होल्ट, म्हणजे एकूण २९.२. ट्यूब्युलर मोडमधला चार्जर बूस्टला २८.८ ते २९.६पर्यंत जातो. बेरीज हद्दीच्या आसपासच दिसते, पण आठही सेल कधीच अगदी सारखे नसतात. एखादा सेल पुढे पळून ३.६५ ओलांडतो आणि बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, करंट तोडतं. चालू चार्जरपुढून बॅटरी अशी एकदम नाहीशी झाली की इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेजचा झटका बसतो. ‘लिथियम लावली आणि बोर्ड उडाला’ या तक्रारींत हे कारण वारंवार सापडतं.

म्हणून बूस्ट (पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) २८.० ते २८.४, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवण्याचं) २७.० आणि खालची कट-ऑफ २४ व्होल्ट असं सेट करता आलं तरच जुना इन्व्हर्टर ठेवा. लेड-अ‍ॅसिडची नेहमीची कट-ऑफ २१ व्होल्ट असते. तेव्हा लिथियमचा सेल २.६ व्होल्टवर, म्हणजे तळाशी गेलेला असतो. इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरणं) आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणारी सोय पूर्ण बंद करता आली पाहिजे. यातलं काही जमत नसेल तर लिथियम मोड असलेला इन्व्हर्टर घ्या. तो खर्च वाचवण्यासारखा नाही.

बीएमएस किती अँपिअरचं आहे ते विचारा. १२०० वॅटचं लोड असताना बॅटरीतून जवळजवळ ५७ अँपिअर जातात. फ्रिज सुरू होताना क्षणभर याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकतात. सलग १०० अँपिअर आणि काही सेकंद २०० अँपिअर झेलणारं बीएमएस असावं. ५० अँपिअरचं लावलेलं असेल तर फ्रिज चालू होताना घर अंधारात जाईल.

इन्व्हर्टरवरच्या ‘किती टक्के उरली’ या आकड्यावर विसंबू नका. तो व्होल्टेज पाहून अंदाज करतो, आणि लिथियम फॉस्फेटचं व्होल्टेज ८० टक्क्यांवर आणि ३० टक्क्यांवर जवळपास सारखंच दिसतं. बीएमएसचं स्वतःचं डिस्प्ले किंवा मोबाइल अ‍ॅप असेल तर त्यातला आकडा वापरा, कारण तो गेलेला-आलेला करंट मोजतो. तोही हळूहळू सरकतो, म्हणून महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरून २८.४ व्होल्टवर काही तास राहू द्या. सेल समान करणारं सर्किट बहुधा सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच चालू होतं आणि जेमतेम ५० ते १०० मिलिअँपिअर वळवतं. सेलमध्ये ३ अँपिअर-अवरचा फरक पडला असेल तर ५० मिलिअँपिअरने तो भरायला ६० तास लागतात. बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही, तर तो फरक वाढतच जातो आणि दोन वर्षांत ‘बॅटरी बसली’ असा शेरा मिळतो. प्रत्यक्षात सेल चांगले असतात.

आता जोडणी. केबल किमान २५ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि शक्य तितकी आखूड. लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले हवेत. हातोडीने ठोकलेले चालणार नाहीत. लगच्या जोडात केवळ ५ मिलिओहम रोध असला तर ६० अँपिअरला तिथे १८ वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. आधी लग काळा पडतो, मग टर्मिनलचं प्लॅस्टिक वितळतं. तुमच्याकडे खारी हवा, म्हणून कलई केलेलेच लग घ्या, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि पावसाळ्याआधी दरवर्षी बोल्ट घट्ट आहेत का ते पाहा. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाजवळ, आणि तो डीसीसाठीच बनवलेला हवा. एसीची एमसीबी इथे लावू नका. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत करंट शून्यावर येतच नाही, आणि आत आर्क जळत राहतो.

घेताना सेलला आयईसी ६२६१९चं प्रमाणपत्र आहे का ते बघा. जुनी ट्यूब्युलर आणि नवी लिथियम समांतर जोडू नका, एक दिवससुद्धा नाही.

प्रश्न: आमच्या कारखान्यात ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आणि २०० केव्हीएआरचं ऑटोमॅटिक कपॅसिटर पॅनल आहे. गेल्या वर्षी मोटरींना व्हीएफडी लावले. तेव्हापासून कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात. चांगल्या कंपनीचे लावले तरी तेच. (वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: कपॅसिटरची कंपनी बदलून हे थांबणार नाही. तुमचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांची जोडी व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, हार्मोनिकशी (५० हर्ट्झच्या पटीतल्या जादा लहरींशी) सूर जुळवून बसली आहे.

हिशेब करून बघा. ट्रान्सफॉर्मरचा इंपीडन्स ५ टक्के धरला तर लघुदाब बाजूची शॉर्ट सर्किट क्षमता ५०० भागिले ०.०५, म्हणजे १०,००० केव्हीए. तिला कपॅसिटरच्या केव्हीएआरने (तो देत असलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरच्या आकड्याने) भागा आणि वर्गमूळ काढा. १०,००० भागिले २०० म्हणजे ५०, त्याचं वर्गमूळ ७.०७. म्हणजे पॅनलच्या सगळ्या पायऱ्या लागल्या की सातव्या हार्मोनिकला, ३५० हर्ट्झला, रेझोनन्स, म्हणजे हेच सूर जुळणं. सहा डायोडचा रेक्टिफायर असलेला साधा व्हीएफडी जे हार्मोनिक काढतो ते पाचवं, सातवं, अकरावं, तेरावं. महावितरणच्या बाजूची क्षमताही धरली तर आकडा थोडा खाली येतो आणि १८० केव्हीएआरच्या आसपासच गाठ पडते. १०० केव्हीएआरला दहावं येतं, तिथे धोका नाही. ८२च्या आसपास अकरावं. त्यामुळे पॅनल पायऱ्या चढत-उतरत असताना काही ठिकाणी शांत असतं, तर काही ठिकाणी कपॅसिटर तापून निघतात. नेहमी ठरावीक वेळीच फ्यूज उडतात, असं तुमच्या ऑपरेटरला जाणवलंही असेल.

खात्री करायची तर ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरने प्रत्येक कपॅसिटरचा करंट मोजा. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआरचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर ३१ अँपिअर घेतो. मीटरवर ४० किंवा त्याहून जास्त दिसले तर हार्मोनिक घुसलं आहे. २२-२४ दिसले तर आतले काही भाग आधीच जळून गेले आहेत. पत्र्याचा डबा फुगलेला असेल तर मोजण्याच्या फंदात न पडता तो बाद करा.

उपाय म्हणजे प्रत्येक पायरीला ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर (कपॅसिटरच्या पुढे जोडायची कॉइल). त्याने त्या पायरीची वारंवारता १८९ हर्ट्झवर, पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झच्या खाली जाते, आणि पॅनलच्या कितीही पायऱ्या लागल्या तरी पाचव्या-सातव्याशी सूर जुळत नाही. हे करताना चुका कुठे होतात तेही सांगतो.

पहिली चूक: रिअ‍ॅक्टर जुन्याच ४४० व्होल्टच्या कपॅसिटरपुढे बसवला जातो. रिअ‍ॅक्टर लागला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं: ४१५ भागिले ०.९३, म्हणजे ४४६ व्होल्ट. वर हार्मोनिकचा भार वेगळा. म्हणून कपॅसिटर ४८० किंवा ५२५ व्होल्टचेच हवेत. मग केव्हीएआरचा आकडाही बदलतो. ५२५ व्होल्टवर २५ केव्हीएआर लिहिलेला कपॅसिटर ७ टक्क्यांच्या रिअ‍ॅक्टरसह ४१५ व्होल्टवर १६.८ केव्हीएआरच देतो. ४८० व्होल्टचा असेल तर २०. ऑर्डर देताना ‘४१५ व्होल्टवर मिळणारे केव्हीएआर’ असं स्पष्ट लिहा.

दुसरी चूक याहून वाईट: अर्ध्या पायऱ्यांना रिअ‍ॅक्टर आणि अर्ध्या साध्याच. मग साधे कपॅसिटर रिअ‍ॅक्टरवाल्यांबरोबर नवीनच रेझोनन्स तयार करतात. बदलायचं तर पूर्ण पॅनल बदला.

तिसरी गोष्ट उष्णतेची. साध्या कपॅसिटरचा लॉस एका केव्हीएआरला अर्ध्या वॅटच्या आत असतो, रिअ‍ॅक्टर मात्र पाच-सहा वॅट तापतो. २०० केव्हीएआरला हे एक किलोवॅटच्या वर जातं. जुन्याच बंद पॅनलमध्ये रिअ‍ॅक्टर कोंबले तर वर बसलेले कपॅसिटर भाजतात. रिअ‍ॅक्टर वरच्या कप्प्यात, पंखा आणि थर्मोस्टॅट, आणि रिअ‍ॅक्टरमधल्या थर्मल स्विचची वायर कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून न्यायची. ही वायर पुष्कळ पॅनलांमध्ये नुसती लोंबकळत सोडलेली असते.

आता मुळाशी जाऊ. व्हीएफडी लावल्यावर तुम्हाला २०० केव्हीएआर लागतात का, हेच आधी तपासा. ड्राइव्हच्या इनपुटला मूळ करंट व्होल्टेजच्या जवळपास सोबतच असतो. पॉवर फॅक्टर पडतो तो हार्मोनिकमुळे, आणि ते कपॅसिटरने सुधारत नाही. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२०पासून केव्हीएएचवर, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह भागासकट एकूण वापरावर, बिल येतं. त्यात लीडिंग (गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर लागल्याने होणारा) पॉवर फॅक्टरही मोजला जातो, म्हणून रात्री कारखाना बंद असताना चालू राहिलेला कपॅसिटर पैसे खातो. आधी प्रत्येक ड्राइव्हला ३ ते ४ टक्क्यांचा लाइन चोक (करंटचे झटके सौम्य करणारी कॉइल) लावा. चोक नसलेल्या ड्राइव्हचा करंट ७०-८० टक्के विकृत असू शकतो, चोकने तो ३५-४०वर येतो. एवढ्या पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. त्यानंतर आठवडाभर पॉवर अ‍ॅनलायझर लावून मगच पॅनलचा आकार ठरवा.

अ‍ॅक्टिव्ह फिल्टरची गरज पडली तर मोजलेल्या हार्मोनिक करंटवरून निवडा. ३०० अँपिअरमध्ये ३० टक्के असतील तर ९० अँपिअर, म्हणून १०० अँपिअरचा फिल्टर. बसवताना सीटी (फिल्टरला करंट मोजून देणारा ट्रान्सफॉर्मर) उलटा लागला तर फिल्टर हार्मोनिक कमी करण्याऐवजी तेवढंच आणखी ओततो. चालू केल्यावर करंट वाढलेला दिसला की सर्वांत आधी सीटीची दिशा पाहा.

कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी पॅनल बंद करून पाच मिनिटं थांबा, मीटरने तिन्ही टर्मिनल तपासा आणि डिस्चार्ज रॉडने शॉर्ट करा. डिस्चार्ज रेझिस्टर तुटलेला असू शकतो.

प्रश्न: आता ‘सॉलिड स्टेट ट्रान्सफॉर्मर’ येणार आणि डीपी जाणार असं वाचलं. खरं आहे का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नजीकच्या काळात डीपी जाणार नाही. सॉलिड स्टेट ट्रान्सफॉर्मरमध्ये ५० हर्ट्झची वीज आधी डीसी करतात, मग हजारो हर्ट्झवर छोट्या कोअरमधून नेतात, मग पुन्हा ५० हर्ट्झ. आकार घटतो, व्होल्टेज हवं तसं ठेवता येतं, सोलर-बॅटरी थेट डीसीला जोडता येते. पण साधा डीपी बिनबोभाट ९८-९९ टक्के कार्यक्षमतेने चालतो, तासभर ओव्हरलोड सोसतो आणि शॉर्ट सर्किटला पंधरा-वीस पट करंट देऊन फ्यूज उडवतो. सेमीकंडक्टरला त्यातलं काहीच सोसत नाही, वर उघड्यावर वीज पडण्याचा धोका. रेल्वे, डेटा सेंटर, जलद चार्जिंग स्टेशन अशा ठिकाणी त्याचा उपयोग आधी दिसेल. अभ्यासाला विषय उत्तम आहे. सुरुवात ड्युअल अ‍ॅक्टिव्ह ब्रिज या सर्किटपासून करा.

प्रश्न: आमच्या सोसायटीचा स्वतःचा ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर संध्याकाळी ओव्हरलोड होतो. चाळीस ई-कार झाल्या. मोठा ट्रान्सफॉर्मर घ्यावा की दिल्लीत लावली तशी बॅटरी? (व्यवस्थापन समिती, पुणे)

उत्तर: दिल्लीत टाटा पॉवरच्या वितरण क्षेत्रात रोहिणीला २०१९मध्ये १० मेगावॅट, १० मेगावॅट-अवरची बॅटरी लागली, आणि २०२५मध्ये बीएसईएस राजधानीच्या क्षेत्रात किलोकरीला २० मेगावॅट, ४० मेगावॅट-अवरची. पहिली पूर्ण ताकदीने एक तास चालते, दुसरी दोन तास. बॅटरी घेताना हे दोन आकडे वेगळे असतात. किती किलोवॅट हवे आणि किती तास, हे आधी ठरलं पाहिजे.

त्याआधी फुकटचा उपाय. चाळीस गाड्या ३.३ किलोवॅटने एकदम लागल्या तर १३२ किलोवॅट होतात. लोक साडेसातला घरी येतात, प्लग लावतात, आणि त्याच वेळी लिफ्ट, पंप, एसी चालू असतात. गाडी सकाळी आठला हवी असते. चार्जिंग रात्री अकरानंतर सुरू करणारं किंवा ट्रान्सफॉर्मरचा करंट बघून चार्जर आपोआप मंदावणारं लोड मॅनेजमेंट बसवा. बहुतेक सोसायट्यांचा प्रश्न इथेच सुटतो.

तरीही कमी पडलं तर दोन आठवड्यांचा पंधरा-पंधरा मिनिटांचा लोड काढा. समजा मर्यादेच्या वर जाणारं लोड तीन तास टिकतं, जास्तीत जास्त ६० किलोवॅट, सरासरी ३५. लागणारी ऊर्जा १०५ युनिट. बॅटरी ९० टक्केच वापरायची, बाहेर काढताना ५ टक्के लॉस, म्हणून १२३. काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर येईल तेव्हाही पुरायला हवी, म्हणून साधारण १५५ युनिटची बॅटरी आणि ७५ केव्हीएचा कन्व्हर्टर. घातलेल्या शंभर युनिटांतली ८५ ते ८८ परत मिळतात, आणि थंड ठेवायला लागणारी वीज त्यातून आणखी वजा. वेळेनुसार दराचा फायदा या लॉससकट काढा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या कोटेशनशी तुलना केल्यावर पुष्कळदा ट्रान्सफॉर्मरच स्वस्त पडेल. जागा नसेल किंवा नवी उच्चदाब केबल टाकणं अशक्य असेल तिथे बॅटरी जिंकते.

लाइट गेल्यावर इमारत त्याच बॅटरीवर चालवायची असेल तर दोन गोष्टी कंत्राटदाराकडून लेखी घ्या. पहिली संरक्षणाची. ७५ केव्हीएचा कन्व्हर्टर पूर्ण लोडला १०४ अँपिअर देतो आणि शॉर्ट सर्किट झालं तरी फार तर दीडपट, दीडशेच्या आसपास. ६३ अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी झटक्यात उडायला ३१५ ते ६३० अँपिअर लागतात. म्हणजे एका फ्लॅटच्या मेनमध्ये शॉर्ट झालं तर त्याची एमसीबी उडणार नाही, कन्व्हर्टरच बंद पडेल आणि सगळी इमारत अंधारात जाईल. बॅटरीवरची सर्किटं १६ अँपिअरच्या बी-कर्व्हवर विभागली तर ४८ ते ८० अँपिअरला ती उडतात आणि बाकीचं चालू राहतं. दुसरी गोष्ट न्यूट्रलची. जाळ्यापासून चार पोलचा चेंजओव्हर तुटला की ट्रान्सफॉर्मरचं न्यूट्रल अर्थिंगही तुटतं. त्या क्षणी कन्व्हर्टरच्या बाजूला न्यूट्रल-अर्थ जोड लागला नाही, तर आरसीसीबी (गळका करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) शॉकच्या वेळी काम करणार नाही. जाळ्यावर परतताना तो जोड सुटलाही पाहिजे. दोन्ही स्थितींत आरसीसीबीची चाचणी समोर उभं राहून करून घ्या.

बॅटरी तळघरात, पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली ठेवू देऊ नका. २०१९मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका बॅटरी-कंटेनरमध्ये सेल तापून निघालेला ज्वलनशील वायू साठला होता. दार उघडल्यावर स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे जवान जखमी झाले. लिथियम फॉस्फेटला पेट घ्यायला जास्त तापमान लागतं, पण सेल फुटल्यावर त्यातूनही हायड्रोजन निघतो. मोकळ्या जागेत जमिनीवर, स्वतंत्र शेडमध्ये ठेवा. वायू ओळखणारा सेन्सर, त्याच्याशी जोडलेला पंखा आणि बाहेरून दाबता येणारं बंद करण्याचं बटण हवंच. अग्निशमन विभागाला नकाशा दाखवून मगच पाया खणा.

प्रश्न: वर सांगितलेली मोजमापं करायला कोणता मीटर घ्यावा? (वाचक, जळगाव)

उत्तर: एसी आणि डीसी दोन्ही करंट मोजणारा ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर. ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलं नसेल तर ड्राइव्ह किंवा इन्व्हर्टरच्या विकृत करंटला तो तीस टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकतो. डीसीसाठी हॉल सेन्सरचा क्लॅम्प लागतो, स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात. मीटर व्होल्टेजचे झटके किती सोसतो ते ‘कॅट’ श्रेणी सांगते: डीबीमध्ये काम करायला कॅट ३, ६०० व्होल्ट, आणि सर्व्हिस वायर किंवा मीटरपाशी कॅट ४. हे प्रोबवरही छापलेलं असलं पाहिजे, नुसतं मीटरवर असून भागत नाही. सोलर पॅनलच्या स्ट्रिंगचं डीसी व्होल्टेज ६००च्या वर जाऊ शकतं, तिथे १००० व्होल्टचा मीटर लागेल. दरवेळी मोजण्याआधी चालू सॉकेटवर मीटर तपासा, आणि ‘वीज नाही’ असं दाखवल्यानंतर पुन्हा त्याच सॉकेटवर तपासा.